पहिला शब्द सबनीसकाकांचा

सबनीसकाकांचा आवाज कसा होता, असं कुणी विचारलं तर मी अडकेन. चार वर्षं त्यांनी माझ्या हातचा डबा खाल्ला, पण त्यांचा खरा, छातीतून येणारा आवाज मी कधी ऐकलाच नाही. काका कुजबुजायचे. फोनवर कुजबुजायचे, भाजी घेताना कुजबुजायचे, नातीवर चिडायचे तेसुद्धा कुजबुजत. पण ती कुजबुज साधीसुधी नव्हती. ज्याच्यासाठी असायची त्याच्याच कानात पडायची, शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. नाशिकला बँकेच्या हौशी नाटकमंडळात त्यांनी बावीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं होतं. विंगेत उभं राहायचं, हातात वही धरायची आणि नट अडखळला की त्याला शब्द द्यायचा. तोंडाला कधी रंग लागला नाही. "मी रंगमंचावर एकदाच आलो," ते सांगायचे. "पडदा अडकला होता, तो सोडवायला. टाळ्या पडल्या."

मी त्यांना आधी ऐकलं, पाहिलं नंतर.

मी कराडची. एसटी स्टँडच्या मागे वडिलांची खानावळ होती. मी नववीत असताना आई आजारी पडली, माझं दप्तर खुंटीला गेलं ते गेलंच. पुढे मिलिंदशी लग्न झालं, त्याला सिंगापूरला नोकरी लागली आणि मी पाया लेबारजवळच्या एका अकराव्या मजल्यावर येऊन पडले. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणजे कुणी सीए, कुणी कोड लिहिणारी, कुणी बँकेत. सगळ्या चांगल्या, कुणी मला कधी टाकून बोललं नाही. पण "तू काय केलंयस गं?" म्हणजे "तुझं शिक्षण काय?" हे कळत असूनही मी म्हणायचे, "मी ना, मोदक केलेत."

त्या गणपतीत त्या मोदकांमुळेच घोटाळा झाला. सगळ्यांनी कौतुकानं ठरवलं की यंदा आभार सुमननं मानायचे. मला नाही म्हणता आलं नाही. आठ ओळी होत्या. चार दिवस कणीक मळताना पाठ केल्या. आणि माईकसमोर उभी राहिले तर एक अक्षर आठवेना. समोर दोनशे माणसं आणि डोक्यात फक्त एवढंच, की आता सगळ्यांना कळणार.

मागच्या पडद्यातून अगदी शांतपणे आवाज आला, "उपस्थित."

बस, एकच शब्द. मी म्हणाले, "उपस्थित सर्व रसिकजनहो..." आणि गाडी सुटली. सहाव्या ओळीला पुन्हा अडकले. मागून आवाज आला, "विसरली नाहीस. पॉज आहे. घे पॉज." मी पॉज घेतला. लोकांना वाटलं, बाईचा कंठ दाटून आला. दोन बायकांनी डोळे पुसले.

नंतर पडद्यामागे गेले तर एक बुटके, उभट चेहऱ्याचे गृहस्थ माईकची वायर गुंडाळत होते. फुल बाह्यांचा शर्ट, वर हातानं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, कानावर लाल पेन्सिल, गालात लवंग. मी आभार मानायला तोंड उघडलं तर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "प्रॉम्प्टरचे आभार मानत नाहीत. त्यानं मग तो उघडा पडतो. डबा देतेस म्हणे. आमच्याकडे दुपारी कुणी नसतं."

असे ते माझ्या डब्याला लागले. वन-नॉर्थला ते मुलाकडे राहायचे. मुलगा निखिल आणि सून केतकी दोघंही ऑफिसात, नात रिया शाळेत. मी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, डबा घेऊन जायचे. दुसरं कुणी न्यायला असतं तरी मीच गेले असते. मला इथे घाबरायला कारण लागायचं नाही. इथे राहायच्या पासचं पत्र आलं की भीती, फोन इंग्रजीतून आला की भीती, लिफ्टमध्ये कुणी हसून बोललं की भीती. काकांसमोर तेवढी भीती वाटायची नाही, कारण त्यांना माणसाचं अडखळणं ही रोजची गोष्ट वाटायची. "वाक्य पडलं तरी चालेल," ते म्हणायचे, "माणूस पडता कामा नये."

आणि माणूस कुठेही पडायच्या बेतात दिसला की काका मागे हजर. हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाऊच्या टपऱ्यांवर, मी कॉफीच्या रांगेत पुढे सरकले की मागून यायचं, "कोपी-ओ, कमी साखर." क्लिनिकच्या खिडकीशी ओळखपत्र काढायचं राहिलं की, "आयसी दे आधी." एकदा तर एमआरटीमध्ये पुढच्या स्टेशनची घोषणा यायला जरा वेळ लागला, तर काकांनी छताकडे बघून स्टेशनचं नाव हळूच सांगितलं. लगेच घोषणा झाली. काकांनी समाधानानं मान हलवली.

त्यांचा नियम असा की फक्त पहिला शब्द द्यायचा. "पहिला शब्द माझा, बाकीचं तुझं. अख्खं वाक्य दिलं तर नट विंगेकडे कान लावून बसतो. मग त्याचं नाटक संपलं."

या माणसाच्या आयुष्यात बँकेनं एक मोठी गंमत केली होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांना सहा महिने एडिंबऱ्याला पाठवलं होतं, नोव्हेंबर ते एप्रिल, कसल्याशा कामाच्या प्रशिक्षणाला. त्या सहा महिन्यांवर काका पुढची पंचवीस वर्षं जगले. कड्यावरचा किल्ला, किल्ल्यावरून रोज दुपारी एकला उडणारी तोफ, किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा दगडी रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना फुटलेल्या अरुंद पायऱ्यांच्या गल्ल्या, आणि चार वाजताच पडणारा अंधार. "काय अंधार गं! दुपारचा चहा घ्यायला बाहेर पडावं तर थिएटरात दिवे गेल्यासारखं." फिशच्या दुकानात बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेतल्या की काउंटरवरचा माणूस विचारतो, मीठ घालू की सॉस? "तिथे 'दोन्ही' म्हणायचं. तो तपकिरी, आंबट, पातळ सॉस असतो. फक्त मीठ म्हणणारा माणूस बाहेरगावचा." हे मी डबा उघडता उघडता इतक्यांदा ऐकलं होतं, की मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी "दोन्ही" म्हणाले असते.

काकांना पंचाहत्तरावं लागलं तेव्हा निखिलनं विचारलं, "बाबा, कुठे जायचं?" काका म्हणाले, "एडिंबरा. पण टूर नको. प्रयोग करायचा."

प्रयोग म्हणजे भूमिका वाटायच्या. गाइड घ्यायचा नाही. जागा वाटून घ्यायच्या, ज्यानं त्यानं आपापली जागा पाठ करायची आणि तिथे पोचलं की बाकीच्यांना सांगायची. किल्ला आणि तोफ जोगळेकरांना. हे मंडळातले, मोठ्या बँकेतले मोठे साहेब, नावापुढे तीन पदव्या, आता इथले नागरिक. टेकडी निखिलला, जेवण आणि पब केतकीला, फोटो रियाला. मिलिंदला छत्र्या आणि सामान, "नेपथ्य तुझं." आणि रात्रीची गल्ली मला.

"काका, मी कशी? मी आपली डबे करते."

"तू नाहीस तर मीही नाही," काका कुजबुजले. ते सगळ्यांना ऐकू गेलं, म्हणजे त्यांनी ते मुद्दाम तसं सोडलं होतं.

सगळे लगेच "ये ना सुमन, मजा येईल" म्हणाले. मिलिंद तर रजाच टाकून मोकळा झाला. मला त्या रात्री झोप नाही. प्रवासाची भीती निराळी, पण जोगळेकरांसारख्या माणसासमोर उभं राहून इतिहास सांगायचा? त्यांनी एक प्रश्न विचारला की संपलं. नववी म्हणजे नववी.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायला गेले तर काका दारातच उभे. "अंधारात बोलायचंय गं तुला. रात्री नऊ वाजता, गल्लीत. तुझं तोंड कुणाला दिसणार नाही, त्यांची तोंडं तुला दिसणार नाहीत. मी मागे टॉर्च आणि कागद घेऊन उभा. घाबरायला जागा कुठंय?"

त्या अंधारावर मी हो म्हणाले.

मग दोन महिने तालमी. आमच्या ब्लॉकचा जिना म्हणजे एडिंबऱ्याच्या गल्ल्या, कारण तिथे चढउतार फार. काकांनी जोगळेकरांना अकरा मजले चढवले आणि वर पोचल्यावर म्हणाले, "आता बोला." जोगळेकर फक्त श्वास घेत होते. "पॉज लांबला," काका म्हणाले. फोर्ट कॅनिंगची टेकडी झाली किल्ला. थंडीची तालीम पाया लेबारच्या मॉलमध्ये, जिथे एसी सगळ्यात बोचरा तिथे स्वेटर घालून तासभर बसायचं. रिया तोंड लपवून बसायची. "आजोबा, एव्हरीवन लुकिंग लाह."

जेवणाची तालीम म्हणजे हॅगिस. केतकीनं वाचून दाखवलं: मेंढीचं यकृत, हृदय, फुप्फुस बारीक करून ओटच्या भरड्यात, कांदा-मिरीत मळून शिजवतात. बाकीच्यांनी नाकं मुरडली. मी म्हणाले, "म्हणजे वजडीची बहीणच की!" आमच्या खानावळीत बुधवारी-रविवारी वजडी, म्हणजे बकऱ्याची आतडी, असायची. ती कशी धुवायची, किती पाण्यातून काढायची, वास कसा मोडायचा, मी बोलायला लागले आणि दहा मिनिटं बोलले. थांबले तर सगळे ऐकत होते. काकांनी लाल पेन्सिलीनं वहीत काहीतरी लिहिलं.

माझ्या गल्लीचा कागद एक पानाचा होता, त्यात काकांनी लाल पेन्सिलीनं पॉजच्या खुणा केल्या होत्या. तिथल्या जुन्या गावात दहा-दहा मजल्यांची दगडी घरं, एकाला एक चिकटलेली. नळ नाही, मोरी नाही. पाणी खालच्या विहिरीवरून पाठीवर वाहून न्यायचं. आणि रात्री दहाचा ढोल वाजला की वरच्या खिडक्या उघडून दिवसभराचं सांडपाणी, घाण, सगळं खाली गल्लीत. टाकण्याआधी ओरडायचं, "गार्डीलू!" म्हणजे खालचे हो, पाणी सांभाळा. ती आरोळी मी खरंच ठोकायची होती.

ब्लॉकमध्ये ते शक्य नव्हतं. एकदा हळूच ओरडून बघितलं तर शेजारची चिनी आँटी बाहेर येऊन विचारायला लागली, कुणाचा अपघात झाला का. म्हणून काका सगळ्यांना एका रविवारी पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेले. दिवसभर फिरलो, भाड्याच्या सायकली परत केल्या आणि दिवेलागणीला झाडांखाली उभे राहिलो. सातला अंधार पडला, इथे वर्षभर पडतो तसा. काकांनी मागून टॉर्च लावला, "दहा" असा पहिला शब्द दिला, आणि मी चांगलं बोलले. कुणाचं तोंड दिसत नव्हतं. मग जीव एकवटून आरोळी ठोकली. झुडपातून खसफस झाली आणि एक रानडुक्कर बाहेर येऊन आमच्याकडे बघत राहिलं.

"प्रेक्षक आला," काका मागून म्हणाले. "थांबू नकोस."

जूनमध्ये आम्ही गेलो. शनिवारी दुपारी पोचलो, प्रवासानं सगळे मेलेले. खोलीचे जाड पडदे ओढून संध्याकाळी सहालाच झोपलो ते रविवारी उजाडल्यावर उठलो. प्रयोग रविवारी.

किल्ल्यापाशी पोचलो. काकांच्या तोंडून इतक्यांदा चढलेला रस्ता पायाखाली होता, आणि ते सांगत होते तस्साच होता. जोगळेकरांनी बाराला भाषण सुरू केलं. राजे, वेढे, लढाया, सगळं तोंडपाठ. घड्याळ बघत बघत त्यांनी बरोबर एकला शेवट आणला. हात वर केला. "आणि आता! तीन, दोन, एक..."

काही नाही. वारा सुटला होता तेवढाच.

जोगळेकरांचा हात वरच राहिला. मागून काकांचा आवाज आला, "धडाम."

रविवारी तोफ उडत नाही, हे शेजारच्या रखवालदारानं सांगितलं. काकांना माहीत नव्हतं. "रविवारी मी लॉन्ड्रीत असायचो," ते म्हणाले. जोगळेकर दिवसभर थोडे दुखावलेले होते. मी मात्र जास्त घाबरले. एवढ्या शिकलेल्या माणसाची तोफ उडाली नाही, मग माझं काय होणार?

हॅगिस दुपारी खाल्लं. केतकीनं शाकाहारीही मागवलं होतं. खरं हॅगिस आधी माझ्यासमोर ठेवलं गेलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, डॉक्टरकडे बघतात तसे. मी घास घेतला. मिरी छान होती, वास मोडलेला होता. "धुतलंय व्यवस्थित," मी म्हणाले. मग सगळ्यांनी खाल्लं. जोगळेकरांनी दोनदा घेतलं.

संध्याकाळी किल्ल्याखालच्या चौकात एका पबमध्ये गेलो. एका कोपऱ्यात तिघं फिडल वाजवत होते, इतकं भरभर की पाय आपोआप हलत होता. केतकीनं पढवलं होतं, इथे वेटर येत नाही, काउंटरवर जाऊन मागायचं. मग आम्ही काय केलं? एक छान मोठं टेबल बघितलं, प्रत्येक खुर्चीसमोर टिश्यूचं एकेक पाकीट ठेवलं आणि सगळेच्या सगळे काउंटरवर गेलो. सिंगापुरात टेबलावर टिश्यू ठेवला की जागा तुमची, पंतप्रधान आले तरी उभे राहतील. परत आलो तर टेबलावर पाच आडदांड माणसं निवांत बसलेली. एकजण आमच्या टिश्यूनं मिशीवरचा फेस पुसत होता. बाकीची पाकिटं त्यानं नीट रचून ठेवली होती.

"हे आमचं टेबल," जोगळेकर म्हणाले.

"आणि हे तुमचे टिश्यू? फार उपयोगी," तो माणूस म्हणाला. मग सगळे सरकले, आम्ही त्यांच्यातच बसलो. मिलिंदला त्यांनी अर्ध्या तासात दोन गाणी शिकवली. काका फिडलवाल्याच्या मागे जाऊन उभे राहिले, पुढे नाही, मागे. गाणारा माणूस एका कडव्याला थबकला, तेव्हा मला काकांचे ओठ हललेले दिसले. तो गायला लागला. योगायोग असेल. मी शपथ घेणार नाही.

मला त्या मजेत लक्ष घालता येत नव्हतं, कारण मी खिडकीकडे बघत होते. सात वाजले, ऊन. आठ वाजले, ऊन. मला वाटलं, माझं घड्याळ अजून सिंगापूरचं दाखवतंय. मिलिंदचं बघितलं. तेच.

"काका," मी हळूच म्हणाले, "अंधार कधी पडतो?"

काकांनी खिडकीकडे बघितलं. तोंडातली लवंग इकडची तिकडे केली. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. प्रॉम्प्टर वहीतली ओळ शोधत होता आणि ओळ सापडत नव्हती. त्यांनी या गावाचा हिवाळाच बघितला होता. आणि आम्ही आठ-आठ, दहा-दहा वर्षं विषुववृत्तावर राहणारी माणसं. सूर्य सातला बुडतो हे आम्हाला नळाला पाणी येतं तितकं गृहीत. तीन इंजिनियर, एक बँकर, आणि कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

केतकीनं फोनवर बघून सांगितलं, "सूर्यास्त दहा वाजता. त्यानंतरही उजेड."

"दहाला तर आपण परत निघायला हवं," निखिल म्हणाला. "सकाळी सहाला गाडी आहे."

रिया म्हणाली, "सो ब्राइट! आजोबा, धिस वन कॅनॉट बी नाइट वॉक लाह!"

सगळे इतके हसले की पबमधली ती पाच माणसंही हसली. मीही हसले. मला वाटलं, चला, आता रद्द होईल, सुटले. मग लगेच वाटलं, सुटले म्हणजे काय? दोन महिने चढलेले जिने, ते रानडुक्कर, सगळं सोडून मी तीच राहणार, मोदक केलेत म्हणणारी.

काका उठले. "नऊ वाजले," ते म्हणाले. "पडदा."

गल्लीत जायच्या आधी ते कोपऱ्यावरच्या दुकानात घुसले. आम्ही पुढे गेलो. पायऱ्या, दोन्ही बाजूंना काळे दगड, वर आभाळाची एक पट्टी, आणि त्या पट्टीतून पिवळं ऊन थेट माझ्या तोंडावर. सगळे पायऱ्यांवर माझ्याकडे तोंड करून बसले. प्रत्येकाचा चेहरा स्पष्ट. जोगळेकरांच्या चष्म्यात मीच दिसत होते. येणारेजाणारे दोन-तीन अनोळखी लोकही थांबले.

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. थांबले. पॉज आहे, मी स्वतःला सांगितलं. पॉज लांबायला लागला. मी मागे वळले.

काका वरच्या पायरीवर उभे होते. त्यांच्या हातात गरम बटाट्याच्या फोडी होत्या, मीठ आणि सॉस दोन्ही घातलेल्या, आणि त्या फोडी धरायला चटके बसू नयेत म्हणून त्यांनी खाली कागद घेतला होता. माझा कागद. त्यावरून तपकिरी सॉस ओघळत होता. लाल पेन्सिलीचे पॉज सॉसात भिजले होते. काकांनी माझ्याकडे बघितलं, एक फोड तोंडात टाकली आणि चावायला लागले. तोंड भरलेलं. शब्द येणार नव्हता.

मी पुढे वळले. इतका राग आला होता की भीतीला जागाच उरली नाही.

"मी अकराव्या मजल्यावर राहते," मी म्हणाले. हे कागदावर नव्हतं. "लिफ्ट बंद पडली की डबे घेऊन चढउतार करावी लागते, तेव्हा चौथ्या मजल्यावर मी सगळ्या देवांना शिव्या घालते. इथे दहा मजले होते आणि बायका पाणी घेऊन चढायच्या. पाणी किती जड असतं माहितीये? नववीत शाळा सोडली तेव्हा घरची आणि खानावळीची मिळून रोज अठरा खेपा करायचे मी, एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर. सपाटीवर. मान अशी धरायची, आणि पायाकडे बघायचं नाही, बघितलं की पडतो. इथे तर पायऱ्या, बर्फ, आणि खालून वर येताना कुणीतरी वरून सोडणार आजचं सगळं. मग वरची बाई काय करते? ती वाईट नाही. तिलाही जिना चढायचा नाही. ती ओरडते..."

आणि मी ओरडले. "गार्डीलू!"

आवाज दोन्ही भिंतींवर आपटत खालपर्यंत गेला. वर चौथ्या मजल्यावर एक खिडकी धाडकन उघडली. हातात चहाचा मग घेतलेली एक म्हातारी खाली डोकावली, आमच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या त्या गोल गोल इंग्रजीत म्हणाली, "आज काही टाकायचं नाहीये गं बाई माझ्याकडे!"

गल्ली हसली. अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, आपण 'नववीत शाळा सोडली' असं बोलून बसलो. सगळ्यांसमोर, ढळढळीत उजेडात.

जोगळेकरांनी हात वर केला.

"हंडा," ते म्हणाले, "साधारण किती लिटरचा?"

"बारा-पंधरा," मी म्हणाले.

"बाप रे," जोगळेकर म्हणाले, आणि वर त्या दहा मजल्यांकडे बघत राहिले. मग केतकीनं विचारलं, मान नेमकी कशी धरायची. मी तिच्या डोक्यावर मिलिंदची घडी केलेली छत्री ठेवून दाखवलं.

परत जाताना मी काकांना गाठलं. "कागदावर सॉस?"

"सांडला," काका कुजबुजले.

"पहिला शब्द द्यायचा होता तुम्ही."

"तोंडात बटाटा होता." आणि उरलेल्या फोडी त्यांनी माझ्यापुढे धरल्या. आंबट, खारट, गरम. दोन्ही म्हणायलाच हवं. ते खरंच चुकले होते का अंधाराबद्दल, ते मी विचारलं नाही. पबमधला तो चेहरा मी बघितला होता, त्यामुळे चुकलेच होते असं मला वाटतं. पण त्यानंतर दुकानात शिरले ते नुसत्या भुकेनं, असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी निखिलची बदली टोरंटोला झाली. काकांनी पुन्हा थंडी नको म्हटलं, नाशिकला बहिणीकडे जायचं ठरवलं. निघण्याच्या आदल्या दिवशी मी शेवटचा डबा घेऊन गेले. वजडी केली होती. ते मला सोडायला वन-नॉर्थ स्टेशनपर्यंत आले, थेट प्लॅटफॉर्मवर. स्वेटर होताच.

मला त्यांचे आभार मानायचे होते. सकाळपासून कणीक मळताना जुळवलं होतं, आठ ओळींपेक्षा जास्तच. गाडी आली. मी आत गेले, वळले, तोंड उघडलं आणि नेहमीसारखं सगळं गेलं. काका बघत होते. दार सरकलं. आधी गाडीचं, मग प्लॅटफॉर्मचं काचेचं.

दोन काचांपलीकडे काकांनी लवंग गालात सरकवली, इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली. आणि ओठ हलवले. आवाज यायचा प्रश्नच नव्हता. एकच शब्द होता.

उपस्थित.

गाडी हलली. काका मागे, मागे गेले, आणि कानावरची पेन्सिल काढून पुढच्या कुणा प्रवाशाला दार कुठलं ते दाखवायला लागले. मी दांडा धरून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "उपस्थित सर्व रसिकजनहो." समोरच्या सीटवरच्या आँटीनं फोनवरून मान वर केली. मी थांबले नाही. पाया लेबार यायला खूप स्टेशनं होती. मी सगळे आभार मानले.